कटर घेण्याआधी दिवस मोजा

साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परततात आणि चैत्र लागतो न लागतो तोच बीड जिल्ह्यातल्या शिवारांत कटरचा आवाज सुरू होतो. कुणाला बांधावरची येडी बाभळ काढायची असते, कुणाच्या घरी लग्न असतं आणि पंगतीच्या चुलीला सरपण लागणार असतं, कुणी विहिरीवर आडवी झालेली फांदी उतरवून घेतो. दुकानाच्या पाटीवर ‘चेन सॉ’ असं लिहिलेलं असलं तरी गावात तिला कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतीच मशीन. काही वर्षांपूर्वी पारावरचा प्रश्न एवढाच असायचा, की घ्यावी का नको. आता बॅटरीवरच्या मशिनी तालुक्याच्या दुकानापर्यंत आल्यात आणि मोबाईलवर तर रोज नवी जाहिरात येते. त्यामुळं प्रश्न वाढला: पेट्रोलची घ्यावी का बॅटरीची?

विचारणाऱ्याला मी उलट विचारतो, वर्षातले किती दिवस चालवणार? बहुतेकजण मशीनची ताकद विचारत दुकानात शिरतात. किती सीसीची, किती इंची पात्याची, किती जाड खोड कापेल. ताकदीचा हिशोब चुकीचा नाही, पण तो दुसरा. पहिला हिशोब मशीन किती दिवस नुसती पडून राहणार, याचा.

हे मी शिकलो ते पैसे घालवून. सहा वर्षांपूर्वी ५८ सीसीची, बावीस इंची पात्याची पेट्रोल मशीन घेतली. स्वस्त होती, आवाज दणदणीत होता, बांधावरच्या दहा-बारा बाभळी आडव्या केल्या तेव्हा शेजारचे बघायला आले. पहिल्या वर्षी ती एकूण सहा दिवस चालली. मग पत्र्याच्या शेडात जाऊन बसली ती थेट पुढच्या उन्हाळ्यात बाहेर निघाली. अर्धा तास दोरी ओढली, खांदा भरून आला, मशीन काही चालू होईना. मिस्त्रीनं कार्ब्युरेटर उघडून आतला चिकट थर दाखवला आणि आतला रबरी पडदा कडक झाला होता तोही काढून दाखवला. “टाकीत पेट्रोल ठेवून दिलं होतं ना?” एवढंच त्यानं विचारलं.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आज वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं, पण महाराष्ट्रात त्याचा मोठा वाटा उसाच्या मळीचा आणि रसाचा. म्हणजे धारूर, पाटोदा, शिरूर कासारहून निघालेल्या टोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्रात जो ऊस तोडला, तोच फिरून आपल्या पंपावर येतो आणि आपल्याच मशीनच्या कार्ब्युरेटरमध्ये बसतो. मोटारसायकल रोज चालते, तिच्या टाकीत पेट्रोल शिळं होत नाही. कटरचं तसं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. बिघडलेलं मिश्रण इंजिनात गेलं की पिस्टन कोरडा घासतो आणि मशीन कायमची बसते.

म्हणून पेट्रोल मशीन घेणाऱ्यानं तीन गोष्टी अंगवळणी पाडाव्यात. मिश्रण आठवड्याला लागेल तेवढंच करावं. टू-टी तेलाचं प्रमाण मशीनबरोबर आलेल्या पुस्तिकेतलंच धरावं. नामांकित कंपन्या त्यांच्या तेलाबरोबर एकास पन्नास सांगतात, म्हणजे लिटरला २० मिली, तर स्वस्त मशिनींना बहुधा एकास पंचवीस, म्हणजे ४० मिली लागतं. अंदाजानं झाकणभर ओतणं इथं चालत नाही. आणि काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, कार्ब्युरेटरमध्ये थेंब ठेवू नये. हे तिन्ही करायची ज्याची तयारी आहे त्याला पेट्रोल मशीन दहा वर्षं साथ देईल. माझी नव्हती.

बॅटरीच्या मशीनला हा त्रास नाही. सहा महिन्यांनी काढली तरी बटण दाबलं की फिरते. पण तिची ताकद मोजताना लोक फसतात, त्यामुळं थोडं गणित करू. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात. दोघांचा गुणाकार केला की बॅटरीत वीज किती मावते ते कळतं. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे १८०. उलट एक लिटर पेट्रोलमध्ये नऊ हजार वॉट-तासांच्या आसपास उष्णता असते. टू-स्ट्रोक इंजिन त्यातली बरीचशी धुरात आणि आवाजात घालवतं, तरीही हजार-सव्वा हजार साखळीपर्यंत पोचतात. म्हणजे एका लिटरची बरोबरी करायला १८० वाल्या सहा-सात भरलेल्या बॅटऱ्या लागतील. मधली मशीन जोरात चालली तर तासाला पाऊण ते एक लिटर पिते. दिवसभर ओंडके पाडणाऱ्यानं बॅटरीच्या नादी का लागू नये, ते या एका हिशोबात आलं.

पण याच हिशोबाला दुसरी बाजू आहे. ती १८० ची बॅटरी पाचदा भरली तरी मीटर जेमतेम एक युनिट पुढं सरकतं. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, त्यात तेल वेगळं. शिवाय पेट्रोल मशीन दोन फांद्यांच्या मध्येही घरघरत पेट्रोल पीत राहते. बॅटरीची मशीन बोट उचललं की गप्प बसते. छाटणीत निम्मा वेळ तर कुठली फांदी काढायची हे बघण्यातच जातो, त्यामुळं तिथं बॅटरी कागदावरच्या हिशोबापेक्षा जास्त पुरते.

मग कुणी काय घ्यावं? ज्याचा धंदाच लाकडाचा आहे, जो वखारीला माल देतो, गावोगाव फिरून झाडं पाडतो, त्यानं पेट्रोलच घ्यावी आणि चांगल्या कंपनीची घ्यावी. आष्टीवाल्याला अहिल्यानगर जवळ, अंबाजोगाईवाल्याला लातूर, गेवराईवाल्याला छत्रपती संभाजीनगर. ज्या गावी तुमचं जाणं-येणं आहे तिथं तिचे सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारून घ्यावं. टू-स्ट्रोक इंजिन समजणारा मिस्त्री आपल्याकडं प्रत्येक बाजाराच्या गावी सापडतो, ही पेट्रोलची खरी जमेची बाजू. बॅटरीच्या मशीनचं सर्किट जळलं तर तो मिस्त्री हात वर करतो.

ज्याच्याकडं सीताफळ, मोसंबी, डाळिंब किंवा केशर आंब्याची बाग आहे आणि मशीन मुख्यतः छाटणीला हवी आहे, त्यानं बॅटरीची घ्यावी. बारा ते चौदा इंची पातं, ३६ व्होल्टच्या आसपास, दोन बॅटऱ्या. एक चालते तेव्हा दुसरी घरी भरते. एकाच बॅटरीवर मशीन घेणं म्हणजे एका बैलावर औत.

आणि ज्याला वर्षातून चार-पाच दिवस सरपण तोडायचंय, त्यानं कुठलीच घेऊ नये. मशीनवाला बोलवावा, दिवसाचा रोज ठरवावा, पेट्रोल कुणाचं ते आधी बोलून घ्यावं. दुकानदार हा सल्ला देणार नाही, म्हणून मी देतोय.

मोबाईलवर दिसणाऱ्या चार-सहा इंची, एका हातात मावणाऱ्या छोट्या मशिनींबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यांच्या बॅटरीवर ४८, ८८ असले आकडे छापलेले असतात. त्यावर जाऊ नका. चार्जर उलटा करा आणि बारीक अक्षरांतली ‘आउटपुट’ची ओळ वाचा. तिथं बहुतेकदा २१ व्होल्ट लिहिलेलं सापडतं, म्हणजे आत पाच सेल आहेत आणि ही मशीन सरळसरळ १८-२० व्होल्टच्या वर्गातली आहे. मनगटाएवढ्या सीताफळाच्या फांदीला ती छान चालते. मांडीएवढ्या बाभळीला लावली की दहा मिनिटांत गरम होऊन बंद पडते. खेळणं म्हणून हिणवू नये, पण कटर म्हणूनही घेऊ नये.

फवारणीचा बॅटरीपंप आपल्याकडं घरोघरी आहे, त्यामुळं ‘बॅटरी दोन वर्षांत मरते’ असा लोकांचा अनुभव आहे. त्या पंपात बहुधा शिशाची बॅटरी असते. ती रिकामी ठेवून दिली की खराब होते. कटरमधली लिथियमची. तिचा वैरी वेगळा आहे: ऊन. बहुतेक कंपन्या ४० अंशांच्या वर बॅटरी भरू नका असं सांगतात आणि चांगला चार्जर तापलेली बॅटरी घेतच नाही, लाल दिवा दाखवून बसतो. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतच पारा ४२ च्या पुढं जातो, पत्र्याच्या शेडाचं तर विचारूच नका. तेव्हा काम पहाटे ते दहापर्यंत, बॅटरी भरणं रात्री, माळवदाच्या किंवा स्लॅबच्या खोलीत. कामावरून आणली की अर्धा-पाऊण तास निवू द्यावी, मग लावावी. मोटारसायकलच्या डिकीत किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर उन्हात ठेवली तर दोन वर्षंही टिकणार नाही. नवी बॅटरी म्हणजे मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा, हे घेतानाच धरून चालावं.

विजेचंही तसंच. शेतातल्या मोटारीच्या फीडरला वीज मिळते ती पाळीनं, कधी दिवसा, कधी रात्री. त्या भरवशावर राहू नये. गावठाणातल्या घरच्या लाइनवर भरावी. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावरही चार्जर चालतो, त्याला लागणारी वीज थोडीच असते.

जाता जाता एक जुनी गोष्ट. लोकांना वाटतं पेट्रोलची मशीन जुनी आणि विजेची नवी. उलटं आहे. आंद्रेआस श्टिल यांनी जर्मनीत स्टुटगार्टला १९२६ मध्ये पहिली साखळी-करवत केली ती विजेवर चालणारी, दोन माणसांनी धरायची. पेट्रोलची मशीन डोलमार कंपनीनं जर्मनीतच थुरिंगियात वर्षभरानं आणली. जंगलात वायर पोचत नव्हती म्हणून पेट्रोल जिंकलं.

आता लाकडाकडं वळू, कारण बीडचं लाकूड मऊ नाही. जाहिरातीतल्या मशिनी पाईन कापताना दाखवतात. आपल्याकडं बाभूळ, येडी बाभळ, चिंच, बोर. वाळलेली बाभळ साखळीचे दात खाते. येड्या बाभळीची तर आणखी एक खोड आहे, ती बुंध्यापाशी पाच-सहा फाट्यांनी फुटलेली असते आणि मुळापाशी मुरूम चिकटलेला असतो. लोक जमिनीला टेकवून कापायला जातात, पातं एकदा जरी मुरुमाला लागलं तरी साखळीची धार गेली. बॅटरी मशीनला हे जास्त महागात पडतं, कारण बोथट साखळीनं बॅटरी निम्म्या वेळात संपते. आधी बुंध्याभोवतीची माती खोऱ्यानं ओढा, फाटे वितभर वर कापा आणि राहिलेला खुंट कुदळ-कुऱ्हाडीनं मुळासकट खणून काढा. नुसता वर कापलेला खुंट पावसाळ्यात पुन्हा फुटतो, हे बांधकरी मंडळींना सांगायला नको. बांधावरच्या जुन्या झाडात कुंपणाची तार किंवा खिळा गिळलेला असतो, तोही आधी बघा.

धार गेली हे भुशावरून ओळखावं. साखळी धारेवर असेल तर जाडसर ढलप्या पडतात, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडतो आणि मशीनवर जोर द्यावा लागतो. जोर द्यायची वेळ आली की थांबा आणि कानस काढा. गोल कानस लागते, आणि तिची जाडी साखळीप्रमाणे. लहान मशिनींच्या बारीक साखळीला बहुधा ४ मिमीची, मोठ्या पेट्रोल मशीनच्या साखळीला ४.८ मिमीची. पुढच्या दिशेनं दोन-तीन फेरे, प्रत्येक दाताला सारखे. एका बाजूचे दात जास्त घासले गेले की काप तिरका जातो. ज्याला कोयता लावता येतो त्याला हे एका दुपारी जमतं. दुकानातून धार लावून आणायला चाळीस किलोमीटर जाण्यापेक्षा बरं.

साखळीला तेल दोन्ही मशिनींना लागतं. बॅटरीची आहे म्हणून तेल नको, असं समजून तासाभरात पातं निळं पाडलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि ते ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल नको. त्यात धातूचा कीस असतो, तेलपंप चोंदतो आणि फळझाडाच्या ताज्या जखमेवर ती घाण उडते.

बागेच्या बाबतीत आणखी दोन शब्द. बालाघाटच्या डोंगररांगेतल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. छाटणी कधी आणि किती करायची ते तिथल्या शास्त्रज्ञांना विचारावं, माझ्यासारख्याला नव्हे. पण बोटाएवढ्या फांदीला कात्रीच वापरावी एवढं मी सांगू शकतो. साखळी बारीक फांदी कापत नाही, फाडते. जिथं मशीन लागते तिथं मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डाळिंबाच्या बागेत भाड्याची मशीन आणताना ती आधी कुठल्या बागेत फिरली ते विचारा. तेल्या रोग छाटणीच्या हत्यारांवरून पसरतो, आणि कात्री जशी औषधात बुडवून काढता येते तशी तेलानं माखलेली साखळी काढता येत नाही. तेल्या असलेल्या बागेत मशीन नेऊच नये.

धोक्याचं बोलायचं तर मशीन कुठलीही असो, पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ती उसळून तोंडाकडं येते. निमिषात येते, सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून दोन्ही हातांनी धरायची, खांद्याच्या वर न्यायची नाही, शिडीवर उभं राहून चालवायची नाही, आणि साखळीचा ब्रेक चालतो का ते रोज सकाळी बघायचं. ज्या मशीनला ब्रेकच नाही ती घ्यायची नाही. धोतराचा सोगा, गळ्यातलं उपरणं, साडीचा पदर यांतलं काही मोकळं नको. पेट्रोल मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो, दिवसभर सोसायची मर्यादा ८५ ची मानतात; कानात बोळे हवेतच. बॅटरीची मशीन शांत असते आणि तोच तिचा धोका. बंद आहे असं वाटतं, साखळी ताणताना बोट बटणावर पडतं. साखळीला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर काढून बाजूला ठेवायची, एकदाही न चुकता. उन्हाळ्यात वाळल्या गवतावर पेट्रोल मशीनची तापलेली नळी टेकवली तर डोंगर पेटायला वेळ लागत नाही, पेट्रोलही मोकळ्या मातीवर आणि मशीन निवल्यावरच भरायचं.

आणि मशीन सुरू करण्याआधी मान वर करून झाड नीट बघा. जुन्या चिंचेला, वडाला आग्यामोहोळ असतं. धूर, आवाज आणि खोडातली थरथर, तिन्हींनी ते उठतं. बॅटरीच्या मशीनला धूर नाही, आवाज कमी, पण थरथर आहेच. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी झाड सोडून द्या. विजेच्या तारेखालचं झाड असेल तर वायरमनला सांगून लाइन बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका.

मशीन आपली, रान आपलं, म्हणून झाडही आपल्या मर्जीचं असं नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ खाली आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन, खैर अशी झाडं अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या नगरपालिका हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो आणि तिथं तर साध्या झाडालाही परवानगी लागते. शंका असली की आधी तालुक्याच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारा. बांध सामाईक असेल तर भावकीला समोर उभं करूनच मशीन चालू करा. बाभळीच्या दोन ओंडक्यांवरून कोर्टात गेलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत.

राहिलं ते ठेवणं. आपल्याकडची बरीच घरं दिवाळीच्या आसपास कुलूप लावून उसाला जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. जायच्या आदल्या दिवशी एक तास काढा. पेट्रोल मशीन असेल तर टाकी रिकामी, मशीन बंद पडेपर्यंत चालवलेली, हवेची जाळी झटकलेली. बॅटरीची असेल तर बॅटरी मशीनमधून काढून, पूर्ण न भरता निम्मी भरून, कोरड्या खोलीत. लिथियमची बॅटरी महिन्याला दोन-तीन टक्केच उतरते, पट्टा पडून तुम्ही येईपर्यंत तिला काही होत नाही. पूर्ण रिकामी मात्र ठेवू नका. माळ्यावर पत्र्याखाली नको, धान्याच्या कोठीमागं चालेल. साखळी पुसून तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळा. चपटी कानस कोयत्याबरोबर टोळीत जाणारच आहे, गोल कानस मात्र त्याच फडक्यात घालून घरी ठेवा, नाहीतर चैत्रात ती कुणालाच सापडत नाही.